डॉक्टरच्या एमजीबीला रुंद टायर, मडगार्डला हात न लावता

डॉक्टरला २०५चे, म्हणजे २०५ मिमी रुंद टायर हवे होते. मी त्याला १८५वर आणलं, म्हणून तो अजून थोडा फुगून आहे.

डॉक्टर म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, नागपूरच्या धरमपेठेत दवाखाना. त्याच्याकडे १९६७ची एमजीबी रोडस्टर आहे, एमजी कंपनीची दोन सीटची उघडी इंग्रजी गाडी, तारांच्या चाकांची नव्हे, साध्या पत्र्याच्या रिमांची. माझं हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप. गाड्या दुरुस्त करणं माझा धंदा नाही, पण कोणी ‘मोजून दे ना बे’ म्हटलं की माझा हात आपोआप व्हर्नियरकडे जातो.

ही गाडी १९६२ ते १९८० इंग्लंडातल्या ॲबिंग्डनला बनत होती. त्या वेळच्या पत्र्याच्या रिमा जेमतेम ४ इंच रुंद. त्यांवर डॉक्टरचे १६५चे टायर. मागून पाहिलं की चाक मडगार्डच्या कमानीत आत दडल्यासारखं दिसतं, त्याचंच त्याला वाईट वाटायचं. टायरवाल्यानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, “लावून पाहू जी, घासलं तर मडगार्डची किनार ठोकून देऊ.”

हे ऐकून माझं डोकं फिरलं. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. मागच्या मडगार्डचा बाहेरचा पत्रा आणि आतल्या कमानीचा पत्रा त्या किनारीवरच एकमेकांना जोडलेले असतात. तिथे हातोडा बसला की जोड उघडतो, पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो. वरून रंग मस्त दिसत राहतो. शिवाय डॉक्टरच्या मनात विंटेज नोंदणी आहे. जुलै २०२१मध्ये केंद्रानं त्याचे नियम काढले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. मग गाडी रोज फिरवता येत नाही, म्हणून त्याचं अजून चाललंय करू की नको. पण तोवर पत्रा कशाला ठोकायचा?

आता मोजमाप. टायर किती रुंद हा अर्धाच प्रश्न झाला. वाढलेली रुंदी आत गेली की बाहेर, हा दुसरा अर्धा, आणि तो ठरवतो रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम जिथे हबला टेकते ती जागा रिमच्या मधल्या रेषेपासून किती बाहेर आहे ते मिमीत. तो जितका कमी, तितकं चाक बाहेर. १६५ऐवजी १८५ लावला की २० मिमी वाढले. ऑफसेट जुन्याइतकाच ठेवला तर १० आत, १० बाहेर. ऑफसेट १० मिमीनं कमी असलेली रिम आणली तर अख्खे २० बाहेर, थेट किनारीकडे. आजकालच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मॅगव्हीलचा (अलॉय चाकांचा) ऑफसेट बहुतेक ३५ ते ४५ असतो. ती इथे लावली तर चाक आत ओढलं जातं. मारुती ८०० आणि झेनच्या चाक आवळायच्या चार स्टडांचं (बोल्टांचं) वर्तुळही एमजीबीसारखंच ११४.३ मिमी, त्यामुळे ‘बसतंय की भाऊ’ म्हणणारे भेटतात. स्टडवर बसणं आणि कमानीत बसणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

मी टायर ते किनार अंतर घेतलं. उजवीकडे ३७ मिमी, डावीकडे २९. डॉक्टर घाबरला, त्याला वाटलं गाडी कुठेतरी ठोकलेली असणार. तसं नाही. एमजीबीच्या मागच्या दोन बाजू सारख्या नसतात, डावीकडे जागा कमी ही जगभरची तक्रार आहे. त्यातून मागचा अख्खा ॲक्सल फक्त पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टांगलेला, आडवं धरून ठेवणारं काही नाही. वळणावर तो बाजूला सरकतोच. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश पार चेपले होते. ते नवे टाकले, यू-बोल्ट ढिले करून ॲक्सल सरळ बसवला, मग आवळले. आता डावीकडे ३२, उजवीकडे ३५. टायर घेण्याआधीच निम्मं काम झालं.

मग डॉक्टरसमोर हिशोब मांडला. १८५ला डावीकडे २२ मिमी उरतात, २०५ला १२. आणि २०५/६०चा (६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के) टायर उंचीनं ६०२ मिमीच्या आसपास, जुना ६२० होता. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी सत्त्याण्णवनं चाललेली असेल. १८५/७० आर १४ मात्र ६१५ भरतो. त्याला साडेपाच इंची रिम चालते. तीच घेतली, ऑफसेट जुना.

“मग २०५ घेऊन स्पेसर टाक ना, तुझ्याकडे लेथ आहे,” डॉक्टर म्हणाला. स्पेसर म्हणजे हब आणि चाकामधली चकती, ती चाकाला बाहेर ढकलते, अडचणही बाहेरच होती! वर स्टडवरचे आटे कमी पडतात. अर्ध्या इंचाचा स्टड, इंचाला २० आटे. नट किमान दहा फेरे फिरलाच पाहिजे. नुसत्या दिसण्यासाठी स्पेसर मागणारे माझ्याकडे येतात, मी चहा पाजून परत पाठवतो.

टायर चढल्यावर किनारीला आतून खडू घासला, डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या टाकल्या, शेजारी डॉक्टर. सेमिनरी हिल्सची वळणं घेतली, मग सिमेंट रोडच्या कडेवरून एकेक चाक मुद्दाम खाली उतरवलं. आपल्या नागपुरात सिमेंट रोड आणि बाजूच्या गट्टूंमध्ये जी पायरी असते तिचा पहिल्यांदा काही उपयोग झाला. परत येऊन बॅटरीच्या उजेडात पाहिलं: टायरवर खडू नाही. पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिली, तिथेही काही लागलं नाही. पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळले.

स्टिअरिंग उभ्या गाडीत जड झालंय, ते होणारच होतं. स्टेपनी जुनीच ४ इंची ठेवलीय. उंचीत ५ मिमीचा फरक, घरी पोहोचण्यापुरती चालते.