रविवारी रस्सा नाही!

आज आमच्या घरात बंडच झालं म्हणायचं. कोल्हापुरात रविवार आणि चुलीवर तांबडा-पांढरा नाही? पण डॉक्टरांनी ह्यांचं कोलेस्टेरॉल बघून तेल-मटण कमी करायला सांगितलंय, म्हणून आंबा घाट चढून आलेली सुरमई आणली आणि भूमध्य समुद्राकडच्या पद्धतीनं केली.

करायचं काय, तर फार काही नाहीच. ट्रेमध्ये टोमॅटोच्या फोडी, उभा कांदा, ठेचलेला लसूण, थोडे ऑलिव्ह, दोन चमचे ऑलिव्ह तेल. वर तुकड्या, मिरपूड, लिंबाच्या चकत्या. 200 डिग्रीवर पंधरा मिनिटं. काट्यानं टोचल्यावर मांस पाकळ्यांसारखं सुटलं की झालं, त्यापुढं ठेवलं तर चोथा. टोमॅटोचं पाणी, लसूण आणि तेल मिळून तळाला जो रस उतरतो, तो भाकरीनं पुसून खाल्ला. तिकडं पाव असतो म्हणे, पण भाकरीपुढं पाव कशाला?

एक घोळ झालाच. ऑलिव्ह खारवलेले असतात हे विसरून मी नेहमीच्या हातानं मीठ टाकलं. दह्यात काकडी किसून वेळ मारून नेली.

सासूबाईंनी पहिला घास घेतला, गप्प बसल्या. मग उठून कांदा-लसूण चटणीची बरणी घेऊन आल्या.
"मासा झ्याक झालाय गं. पण ह्याला जरा कोल्हापूर दाखवू की!"

पुढच्या रविवारी बांगडा. तो स्वस्त, आणि त्यात ओमेगा-3 पण भरपूर. चटणी मात्र आधीच लपवून ठेवणार आहे.