शाळेला फुटबॉलपटूचं नाव कसं?

पुण्याहून घरी येणारं कुणीही माझ्या मुलीच्या शाळेची पाटी वाचतं, ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’, आणि पेज कोण म्हणून विचारतं. अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा तो, खेळायचे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग शाळेला त्यांचं नाव कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

अ‍ॅलन पेज इथल्याच मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचे. समोरची धिप्पाड माणसं बाजूला सारायची आणि चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याला, लोळवायचं, हे त्यांचं काम. १९७१ साली ते एनएफएल या व्यावसायिक लीगमधले सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावातल्या खेळाडूला तोवर हा मान मिळाला नव्हता. संघ चार वेळा सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोचला आणि चारही वेळा हरला.

खेळता खेळताच ते कायदा शिकत होते. एकदा लॉ कॉलेजात नाव घालून थोड्याच दिवसांत सोडलं होतं. पुन्हा घातलं, आणि १९७८ साली मिनेसोटा विद्यापीठाची पदवी घेतली. त्याच वर्षी व्हायकिंग्जनी त्यांना सोडलं. लांब पल्ल्याचं धावून वजन उतरलं होतं, ते संघाला चालेना. मग शिकागो बेअर्सकडून १९८१पर्यंत खेळले.

१९८८ साली कँटन या जन्मगावी त्यांना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, घेतलं. ती इमारत उभी राहत असताना शाळकरी पेजनी तिथे मजुरी केली होती! ओळख करून द्यायला त्यांनी बोलावलं एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला. भाषणात पेजनी संघाच्या एका बैठकीची आठवण सांगितली. प्रशिक्षकांनी प्लेबुक, म्हणजे संघाच्या डावपेचांची वही, मोठ्याने वाचायला लावलं, आळीपाळीने. काहींची पाळी आली आणि त्यांना वाचताच येईना. शाळा-कॉलेज करून आलेली माणसं ती. मला हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

त्याच वर्षी त्यांनी शिष्यवृत्ती सुरू केली. ती घेणाऱ्याने लहान मुलांच्या अभ्यासाला हातभार लावायचा, अशी अट. पुढे १९९३ ते २०१५ मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते, तिथले पहिले कृष्णवर्णीय.

शाळेला आधी गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्सीचं नाव होतं. इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असं १८६२ साली म्हणणारा माणूस. हे नाव आम्हाला नको, हे तिथल्या मुलांनीच लावून धरलं. २०१७ साली पाटी बदलली.