ठाण्यातला किल्ला बघितलाय का?

ठाणेकराला विचारा जवळचा किल्ला कुठला, तर तो घोडबंदर सांगेल नाहीतर वीकेंडला गाडी काढून लोहगडला चल म्हणेल. अरे बाबा, कळव्याकडे जाताना ज्याच्या भिंतीकडे तू रोज बघतोस ना, ते सेंट्रल जेल, तोच ठाण्याचा किल्ला!

पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि नीट राहायच्या आधीच १७३७ ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, मग १७७४ ला इंग्रजांनी, आणि त्यांनीच पुढे त्याचा तुरुंग केला तो आजपर्यंत तुरुंगच.

त्रिंबकजी डेंगळ्यांचा किस्सा तर कमाल आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनावरून पेशव्यांच्या या कारभाऱ्याला इंग्रजांनी इथे डांबला, पहारा मुद्दाम गोऱ्या सोजिरांचा ठेवला म्हणजे कोणी फितायला नको, आणि सांगतात की एक मोतद्दार रोज खिडकीखाली साहेबाच्या घोड्याला खरारा करत मराठीत गाणं म्हणायचा, त्या गाण्यातच पळायचा सगळा प्लॅन, गोऱ्यांना काय घंटा कळणार! १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी पसार. गाण्याचा भाग किती खरा देव जाणे पण पळाले हे पक्कं.

याच जेलमध्ये १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. नाशिकला कलेक्टर जॅक्सनला मारलं तेव्हा कान्हेरे जेमतेम सतरा-अठराचे. आणि आपण तिथून जाताना कळवा ब्रिजच्या ट्रॅफिकला शिव्या घालत असतो (मीपण घालतो).

पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला आली हे सगळ्यांना पाठ आहे, त्याचंच कौतुक फार होतं. टेंभी नाक्याच्या बाजूचं सिनेगॉग मात्र किती जणांना माहितीये? शार हाशामाईम नाव, १८७९ चं, बेने इस्राएल म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू लोकांचं. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. आडनावं पेणकर, नवगावकर अशी आणि घरात मराठी. बरेच जण इस्राएलला गेले, तरी ठाण्यात अजून कुटुंबं आहेत.

घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहणारे माझे मित्र म्हणतात ठाण्यात बघण्यासारखं आहेच काय, मॉल सोडून. त्यांना एकदा रविवारी सकाळी फिरवणारे. कौपिनेश्वराचं देऊळ, मग तलावपाळी, तिथून मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३ चं आहे, हलक्यात घेऊ नका), मग सिनेगॉग बाहेरून, आणि शेवटी जेलची भिंत. मध्ये मामलेदारची मिसळ लागेलच, तिखट झेपत नसेल त्यांनी आधीच सांगा.