पुडी

पांढरी पूड चादरीवर सांडली होती, मुलाच्या छातीवरच्या सेंट्रल लाइनच्या, म्हणजे थेट मोठ्या रक्तवाहिनीत जाणाऱ्या नळीच्या, तोंडापासून जेमतेम वीतभर अंतरावर. मी खोलीत शिरले तेव्हा त्याची आई दुसरी पुडी फाडत होती. एका हातात पाण्याचा पेला, दातांत पुडीचा कोपरा, आणि किती दिवसांनी चेहऱ्यावर थोडा जीव आलेला.

"काकू, थांबा. तसंच ठेवा हातातलं."

माझा आवाज चढला असावा, कारण गुंगीत असलेल्या मुलानंही डोळे उघडले.

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. रक्ताचा कर्करोग असलेल्या रुग्णांच्या वॉर्डात माझं रोजचं काम घासांचं आणि चमच्यांचं. हा मुलगा तेवीस वर्षांचा. केमोची पहिली फेरी संपून 11 दिवस झाले होते. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी सगळ्यात आधी भिडणाऱ्या पांढऱ्या पेशी, निरोगी माणसात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे सहसा 1500च्या वर असतात. त्याच्या सकाळच्या रिपोर्टमध्ये आकडा होता 120. तोंड आलेलं, गिळताना डोळ्यांत पाणी, दिवसाला सहा-सात जुलाब, दोन अँटिबायोटिक चालू. भरती होताना 61 किलो होता, आता 55.

पुडीत जिवंत यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, होतं. जुलाबांवर अनेकांना दिलं जातं आणि धडधाकट माणसाला सहसा त्याचा त्रास होत नाही. पण पुडी फाडली की पूड हवेत उडते, हातांवर राहते, नुसत्या हात धुण्यानंही पुरती जात नाही. तिथून सेंट्रल लाइनच्या तोंडावर बसली की सरळ रक्तात. असे रुग्ण जगभर नोंदले गेलेत; शेजारच्या खाटेवरच्या, पुडी न घेतलेल्या माणसाच्या रक्तात हे यीस्ट सापडल्याच्याही नोंदी आहेत. सेंट्रल लाइन असलेल्या, प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला ते देऊच नये, अशी स्पष्ट सूचना आहे.

सिस्टरना हाक मारली. त्यांनी एक प्रश्न न विचारता चादर बदलली, लाइनचं तोंड निर्जंतुक केलं, ड्रेसिंग नवं केलं. डॉक्टर आले, रक्तात जंतू वाढतात का ते पाहायला रक्ताचं कल्चर पाठवलं, तापाकडे तासातासाला लक्ष ठेवायला सांगितलं. हे सगळं होईपर्यंत काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"मॅडम, तुम्हीच दिला होता हा."

भरतीच्या दिवशी मी सगळ्यांना देते तो कागद. त्यावर चौथी ओळ: पोटातले चांगले जीवाणू वाढतील असे पदार्थ घ्या. काकूंनी त्या ओळीखाली पेनानं रेघ मारली होती. कागद घेऊन त्या औषधांच्या दुकानात गेल्या, चांगल्या जीवाणूंचं काहीतरी द्या म्हणाल्या, आणि दुकानदारानं पुड्या दिल्या.

ती ओळ मी लिहिलेली होती. सरसकट सगळ्यांसाठी लिहिली होती, आणि हा मुलगा त्या सगळ्यांत बसत नव्हता. मी काकूंना तसं सांगितलं. चूक तुमची नाही, कागद माझा आहे. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मग मी करू तरी काय?"

त्या दिवसाचं खरं काम या प्रश्नापासून सुरू झालं. राउंड बाजूला ठेवून मी बाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसले.

आधी आतडं समजावलं. आतड्याच्या आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. पलीकडे अब्जावधी जीवाणू, अलीकडे आपलं रक्त आणि प्रतिकारपेशींच्या छावण्या. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा वाटा आतड्यालगत राहतो. हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, आणि केमो भरभर वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालते. तोंड येणं आणि जुलाब यांचं मूळ एकच: अस्तर सोललं गेलंय. अशा वेळी बाहेरून जिवंत जंतू, मग ते कितीही चांगले असोत, आत सोडायचे म्हणजे दार मोडलेल्या घरात पाहुणे बोलावण्यासारखं आहे. घरात आधीच जे राहतात त्यांना खायला घाला, ते दार बांधायला मदत करतात.

हे शेवटचं वाक्य मी उगाच म्हणत नव्हते. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट. ते जेवणातून थेट फारसं मिळत नाही. आपल्या जेवणातल्या तंतूंपासून, म्हणजे फायबरपासून, जीवाणू ते तयार करतात. तंतू मिळाले नाहीत तर काही जीवाणू आतड्यावरचा श्लेष्माचा थर खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. आणि या मुलाच्या मागच्या चार दिवसांच्या नोंदी काढल्या तर तंतू दिवसाला तीन ग्रॅमसुद्धा भरत नव्हते. काकू त्याला गाळलेलं सूप आणि ग्लुकोजचं पाणी देत होत्या. पोट बिघडलंय, हलकं द्यावं, म्हणून. माया होती त्यात, पण जीवाणू उपाशी होते आणि मुलगाही.

"पण जुलाब होताना डाळ?" काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता.

सालं, बिया, कोंडा नको. तो आत्ता सोललेल्या अस्तराला टोचतो. पण पाण्यात विरघळणारे तंतू पाणी धरून ठेवतात, मळ बांधतात. मऊ शिजवून घोटलेली बिनसालीची डाळ, चांगले शिजलेले ओट्स, उकडून कुस्करलेलं गाजर आणि भोपळा, स्वच्छ धुऊन सोललेलं केळं. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडलेलं अंडं, कारण प्रथिनांशिवाय नवं अस्तरही नाही आणि नव्या पांढऱ्या पेशीही नाहीत. अशा आजारात किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात. त्याच्या वजनाला साधारण 80 ग्रॅम, आणि पोटात जात होती वीसच्या आसपास. सगळं ताजं शिजवलेलं, वाफ निघत असताना वाढलेलं, उरलं तर टाकून द्यायचं. कच्ची कोशिंबीर नाही, बाहेरचा रस नाही, आत्ता दहीही नाही.

केळ्यावरून वॉर्डात थोडी चर्चा झाली. अशा रुग्णांची फळं-भाज्या पूर्ण बंद करण्याची पद्धत जुनी आहे, पण त्यानं संसर्ग कमी होतात असं चाचण्यांमधून दिसलेलं नाही. भीतीपोटी ताट रिकामं करत गेलं की रुग्ण आणखी खंगतो, हे मात्र मी वर्षानुवर्षं पाहतेय. डॉक्टरांनी केळ्याला हो म्हटलं.

दुपारी एक वाजता पहिली वाटी आली. घोटलेली डाळ, त्यात मऊ भात, वर तुपाची धार. तोंड बधिर करणारं औषध लावून पंधरा मिनिटं थांबलो. पहिला चमचा त्यानं जिभेवर धरून ठेवला. डोळे मिटले, मान ताठ झाली, गिळला. दुसऱ्याला वेळ लागला. चौथ्यानंतर हात आडवा केला. चार चमचे, म्हणजे जेमतेम 40 ग्रॅम. काकूंनी पर्समधून छोटी वही काढली आणि लिहिलं: 1.20, डाळभात, 4.

मी त्यांना तसं लिहायला सांगितलं नव्हतं. पण त्या वहीनं पुढचे दिवस तारले असं मला मनापासून वाटतं. दर दोन तासांनी चार चमचे, मग सहा. रात्री अडीचच्यासुद्धा नोंदी आहेत.

त्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, "इतकं दह्याचं कौतुक ऐकलंय, ते खोटं का?" खोटं नाही. जंतू गिळणाऱ्या पेशी ज्यानं पहिल्यांदा ओळखल्या त्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानंच आंबवलेल्या दुधाचा जगभर पुरस्कार केला. 1908 साली त्याला नोबेल मिळालं ते त्या पेशींसाठी. या मुलाला आज नेमक्या त्याच पेशी कमी पडत होत्या. त्या परत येईपर्यंत दही थांबेल, एवढंच. पुड्यांचं मात्र वेगळं आहे. 2018मध्ये निरोगी स्वयंसेवकांना अँटिबायोटिक देऊन तपासलं, तर नंतर प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगले जंतू, घेतलेल्यांचे स्वतःचे जीवाणू परतायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. निरोगी माणसांतलं हे निरीक्षण या मुलाला जसंच्या तसं लागू होत नाही, पण पुडी निरुपद्रवी असतेच हा समज मोडायला ते पुरेसं आहे.

कल्चर निगेटिव्ह आलं. तो रिपोर्ट हातात पडेपर्यंतच्या दोन रात्री मला नीट झोप लागली नाही.

जुलाब पाचव्या दिवशी दोनवर आले. वजन 54वर थांबलं. 19व्या दिवशी न्यूट्रोफिल 640 झाले, पुढच्या चार दिवसांत 1500च्या वर गेले. हे डाळीनं केलं असं मी कुणालाही सांगणार नाही. अस्थिमज्जा जागी झाली, तिची वेळ आली होती. पण जागी झालेल्या मज्जेला पेशी घडवायला सामान लागतं, ते पोटातूनच येतं. आणि केमोची दुसरी फेरी वेळेवर सुरू झाली, कारण ती सोसण्याइतकं अंगात बळ उरलं होतं.

माझा कागद बदलला. चौथी ओळ काढली. आता सगळ्यात वर एक प्रश्न आहे: तुमचा आजचा काऊंट किती, सेंट्रल लाइन आहे का? ही दोन उत्तरं लिहिल्याशिवाय मी खालचं काहीच समजावत नाही. आणि कागद नुसता हातात देत नाही, वाचून घेते.

घरी जायच्या सकाळी डॉक्टरांनी पाश्चराइज्ड दुधाच्या, सीलबंद डब्यातल्या दह्याला परवानगी दिली. काकूंनी डबा उघडण्याआधी साबणानं हात धुतले, झाकणावरची तारीख वाचली, मला दाखवली, परत वाचली. मुलानं चाटून पाहिलं आणि आंबट आहे म्हणाला. तोंडाला चव आली होती. काकूंनी वहीत वेळ टाकली: 9.10, दही, 2.