फुकटच्या तणाची चटणी : आमची वाटचाल

सहाव्या पाण्यात घमेल्याच्या तळाशी माती दिसली नाही, की घोळीची भाजी धुतली गेली असं आम्ही धरतो. हे आधीच सांगून टाकते, कारण 2013 पासून एकच वाक्य ऐकत आले आहे : "तुमचं बरंय ताई, माल फुकटात." आम्ही चटणी करून विकतो ती शेतातल्या तणाची : घोळ, कुर्डू, केना, आंबुशी, शिवाय बांधावरच्या शेवग्याचा पाला. यातलं आम्ही काही पेरलं नव्हतं, हे खरं. पण जमिनीला चिकटून पसरणाऱ्या घोळीच्या प्रत्येक पेरात आमची काळी माती कशी जाऊन बसते, ते जिने एकदा टोपलंभर घोळ निवडली तिलाच विचारा. चटणीत एकदा कचकच लागली की गिऱ्हाईक परत येत नाही. भांडायलासुद्धा येत नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. अमळनेर म्हटलं की लोक विप्रो काढतात. 1945 साली ती इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून निघाली, पुढचं जगाला ठाऊक आहे. आमच्याकडे एक पाटा, एक लोखंडी खलबत्ता आणि सासूबाईंची कढई होती. पुढचं गावालासुद्धा नीट ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात माझी नाही, अक्कांची. अक्का आमच्या कपाशीत निंदणीला यायच्या. इतर बाया तण उपटून बांधावर फेकायच्या, अक्का दोन ढीग करायच्या. एक बैलांचा, एक स्वतःच्या ओच्यातला. दुपारच्या जेवणात त्यांच्या भाकरीवर हिरवी चटणी असायची. घोळ तेलावर परतलेली, तिच्यात भाजलेले शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची, सगळं पाट्यावर रगडलेलं. चिंच नाही की लिंबू नाही, तरी आंबट. मी विचारलं तर म्हणाल्या, पहाटे खुडलेली घोळ आंबट असते, सांजची नसते. मला तेव्हा ती थाप वाटली. करून पाहिलं तर खरं निघालं. रात्रभर पानात आम्ल साठतं आणि दिवसा उन्हात ते खर्ची पडतं. आजही आमची खुडणी सूर्य वर यायच्या आत होते. तुम्ही घरी करणार असाल तर हे एवढं पाळा, बाकी मसाल्याचं तुमचं तुम्ही बघा.

अक्कांचा दुसरा धडा : "देठ मोडी देख. दूध निंघनं ते फेकी दे." घोळीसारखंच जमिनीवर पसरणारं, लालसर देठाचं एक दुधी गवत असतं. घोळीचं पान जाड, गुळगुळीत आणि देठ मोडला तर निघतं ते पाणी. त्या गवताचा निघतो पांढरा चीक. आमच्याकडे नवी बाई आली की पहिला दिवस ती फक्त देठ मोडते.

ओली चटणी दोन दिवसांत उतरते. ती सुकी करायची कल्पना मात्र माझी, हे अक्काही मान्य करतात. पाला वाळवून वेगळा कुटायचा, शेंगदाणे, तीळ, खुरसणी (कारळे), जिरं वेगळं भाजायचं, नंदुरबारची लाल मिरची तेलाचा हात लावून, आणि सगळं शेवटी एकत्र. मिक्सर आम्ही वापरत नाही असं नाही, पाल्यासाठी वापरतो. दाण्याला नाही. मिक्सर तापतो, दाण्याला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. दाणा खलबत्त्यात, आणि माल वाढल्यावर तालुक्याच्या डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत. डंकवाल्याला आधी सांगायचं, आधी आमचं, मग मसाले. नाहीतर चटणीला आदल्याच्या गरम मसाल्याचा वास लागतो. आम्हाला तीनदा लागला.

घोळीत पाणीच पाणी. 10 किलो ताजी घोळ वाळली की जेमतेम 700 ग्रॅम उरते. फुकटचा माल म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

पहिली विक्री अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात. वैशाखाचं ऊन, पुढ्यात स्टीलचा डबा आणि 40 पुड्या. एका आजींनी चव घेतली, कशाची म्हणून विचारलं आणि मग म्हणाल्या, "ढोरंसना चारा माणसंसले इकस का वं?" आजूबाजूचे हसले. त्या दिवशी 11 पुड्या गेल्या. त्यातल्या 4 एकाच माणसाने घेतल्या.

ते जिभाऊ. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही मुलं सुरतेला, उधन्यात, कापडाच्या लूमवर. खानदेशातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. पोरं तिकडे खोली करून राहतात, डब्यात भाकरी मिळते, पण सोबतीची चटणी गुजराती दुकानातली, गोडसर. जिभाऊ दर महिन्याला यायचे ते स्वतःचा पितळी झाकणाचा डबा घेऊन. पाकीट नको म्हणायचे, "पाकिटाचे पैसे कापी टाक." आंबट चटणी पितळेत भरू नका म्हणून मी त्यांना चारदा सांगितलं, शेवटी मीच एक स्टीलचा डबा दिला. त्यांच्या पोरांच्या डब्यातून चटणी शेजारच्या लूमवर गेली, तिथून पुढच्या गल्लीत, आणि उधन्याहून फोन यायला लागले. जाहिरातीवर आम्ही आजवर एक रुपया घातलेला नाही. जिभाऊंनी कधी कमिशन मागितलं नाही, मी दिलं असतं की नाही हेही सांगता येत नाही.

2014 ते 2018 बरी गेली. अन्न परवान्याची नोंदणी झाली. लहान धंद्याला ती अवघड नसते, वर्षाला 100 रुपयांत काम झालं. पाकिटावर 14 आकडी नंबर आला, तो पाहून सासूबाई चटणीला "आमची चटणी" म्हणायला लागल्या. तोवर ती "तिची" होती.

मग 2019.

आमच्या धंद्याची मूळ अडचणच ही की तण उगवतं पावसात आणि वाळवायला लागतं ऊन. श्रावणात घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, साडी अंथरून पाला घालायचा आणि डोळे आभाळाकडे. त्या वर्षी दसरा झाला तरी पाऊस जाईना. शेतात उभ्या कपाशीची बोंडं काळी पडली, मक्याला कणसावर मोड आले. आणि मी उधन्याची 300 पाकिटांची दिवाळीची ऑर्डर घेऊन बसलेली. 200 ग्रॅमचं पाकीट, म्हणजे 60 किलो चटणी. नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

पाला घरात पंख्याखाली वाळवला. पान हातात चुरलं की कुरकुरीत मोडायचं, म्हणून वाळलं समजले. घोळीचं पान वाळतं, देठ वाळत नाही. वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आत ओल धरून बसतो. घोळ अशी चिवट की उपटून टाकली तरी मातीला टेकली तर पुन्हा मूळ धरते, ती पंख्याला काय दाद देणार! अक्का म्हणाल्या होत्या, देठ काढ. देठ काढले तर वजन बसत नव्हतं. मी काढले नाहीत. पाकिटं सीलिंग मशीनवर दाबली, सुरत पॅसेंजरने रवाना केली.

दिवाळी झाली आणि जिभाऊ घरी आले. डबा नव्हता, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट. उघडलं तर पांढरट जाळी आणि ओल्या गोणपाटाचा वास. ओरडले नाहीत. "पोरी, हाई फेकी दे. कोनले देऊ नको," एवढंच म्हणाले आणि पाणी पिऊन गेले. पुढच्या पंधरा दिवसांत 260 पाकिटं परत आली. बाकीची कोणी खाल्ली की फेकली या विचाराने कितीतरी रात्री झोप लागली नाही. आलेली सगळी उकिरड्यात खड्डा करून पुरली, पैसे परत केले, त्यासाठी पोत गहाण ठेवली. यजमान म्हणाले, बंद कर. मी हो म्हटलं. दोन महिने कढई चुलीवर चढली नाही.

संक्रांतीला अक्का एक काचेची बरणी घेऊन आल्या. आत वाळलेला पाला, घट्ट झाकण. बरणी उन्हात ठेवली. तासाभरात काचेला आतून बारीक थेंब धरले. "ओलं शे," म्हणाल्या. आज आमचा प्रत्येक घाणा या बरणीतून जातो. थेंब दिसला की सगळा घाणा परत वाळवणीवर. देठ आता लोणच्याला. पुढे उधारीने सोलर ड्रायर घेतला, पण अजून विश्वास बरणीवर. जिभाऊ फेब्रुवारीत परत आले, डब्यासकट. मला वाटतं तेव्हाच धंदा पुन्हा सुरू झाला, नोंदवहीत तारीख काहीही असो.

आता एका शेठचं सांगते. नाव लिहीत नाही, अमळनेरात सगळ्यांना कळेल. आमच्याकडून वर्षभर 5-5 किलो घाऊक नेली, मग एक दिवस त्यांचंच पाकीट बाजारात. तीच हिरवी किनार, तोच "रानातली" शब्द. उघडून पाहिलं तर पालक आणि कोथिंबिरीची पूड, रंग झकास. पालक खाण्यात वाईट काही नाही. पण मग पालक म्हणा ना! आमच्या पाकिटामागे एक ओळ असते : मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ, आंबुशी बेताने खावी. या भाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, म्हणून लिहितो. त्या ओळीमुळे गिऱ्हाईक तुटतं हे मला माहीत आहे. शेठच्या पाकिटावर छापलंय, "मुतखड्यावर गुणकारी". एका प्रदर्शनात त्यांचा स्टॉल दाराशी आणि आमचा पाण्याच्या टाकीमागे. सत्काराची शाल त्यांना. निवेदकाने त्यांना "रानचटणीचे जनक" म्हटलं. अक्का माझ्या शेजारी बसून घोळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मला मात्र अजून ते आठवलं की घास कडू लागतो. कोणी म्हणेल, सोडून द्या. सोडलं असतं तर लिहिलं असतं का?

खरा घोर वेगळाच आहे. निंदणीला बाया मिळेनात, म्हणून शिवारात जो तो तणनाशक मारतो. फवारलेलं तण दुसऱ्या दिवशी तितकंच हिरवंगार दिसतं, पिवळं पडायला आठवडाही जातो. म्हणजे डोळ्यांनी ओळखणं गेलं. दुसऱ्याच्या बांधावरची भाजी घेणं आम्ही 2021 पासून बंद केलं. विहिरीजवळचा अर्धा एकर कपाशीतून काढला आणि तिथे घोळ, कुर्डू, आंबुशी राखली. घोळीचं बी खसखशीहून बारीक, राखेत मिसळून फेकावं लागतं. गावात अजून हसतात : हिच्याकडे तण पेरतात आणि कपाशी उपटतात.

परवा शेठचा माणूस फटफटीवर आला. पालकाचा भाव चढलाय, आणि सुरतेची गिऱ्हाइकं म्हणे आंबट लागत नाही म्हणून तक्रार करतात. घोळ देता का विचारलं. मी भाव सांगितला : शेतातून खुडलेली 60 रुपये किलो, निवडून सहा पाण्यांत धुतलेली 140.

"गवताचे 140?" तो म्हणाला.

मी म्हटलं, गवताचे 60. वरचे 80 अक्कांचे.

शेठला विचारून फोन करतो म्हणून गेला. अजून फोन नाही. पश्चिमेकडच्या वाफ्यात घोळीला पिवळी फुलं दिसायला लागली आहेत, बी धरायच्या आत ती खुडायला हवी. उद्या पाचला अक्का येणार आहेत.