सा नाने म्हणजे किती वाजता

पेम्बा हे पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारमधलं धाकटं बेट. ऑक्टोबर २०१३मध्ये रात्रभराच्या बोटीने मी पहाटे म्कोआनीच्या धक्क्यावर उतरलो, तेव्हा सगळ्यात आधी आला तो लवंगेचा वास. हंगाम चालू होता. रस्त्याच्या कडेला चटया अंथरून लवंगा वाळत घातलेल्या होत्या, ताज्या हिरवट-गुलाबी आणि जुन्या तपकिरी. चटईवर चाक जाऊ नये म्हणून ड्रायव्हर गाडी रस्त्याच्या मधोमध चालवत होता.

मी बायोमेडिकल इंजिनिअर. सोलापूर-सांगलीकडच्या हॉस्पिटलांत चौदा वर्षं व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दुरुस्त केलेले. एका स्वयंसेवी संस्थेमार्फत वर्षभरासाठी आलो होतो. नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं, 'चार कॉन्सन्ट्रेटर नादुरुस्त, प्रशिक्षित माणूस नाही.' यातला दुसरा भाग ज्याने लिहिला त्याने त्या हॉस्पिटलात पाऊलही ठेवलं नसावं, असं माझं आजही मत आहे.

पहिला दिवस विश्रांतीचा होता. पण बसवेना, म्हणून अकराच्या सुमाराला मुलांच्या वॉर्डात गेलो. न्यूमोनियाची दोन बाळं एकाच कॉन्सन्ट्रेटरवर होती, नळी दुभागून प्रत्येकी मिनिटाला एक लिटर. बाकीची तीन यंत्रं भिंतीशी बंद पडलेली. दाराशी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. सगळे त्यांना 'म्झे' म्हणत. वडीलधाऱ्या माणसाला तिथे असंच म्हणतात. ते हॉस्पिटलचे 'फुंदी', म्हणजे मिस्त्री. मला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी 'शिकामो' म्हणून नमस्कार केला, त्यांनी 'मराहाबा' म्हणून तो स्वीकारला. आणि मी यंत्राकडे वळलो.

हे यंत्र बाहेरची हवा ओढतं, झिओलाइट भरलेल्या दोन नळकांड्यांतून दाबाने सोडतं, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि पुढे ऑक्सिजन जातो. शुद्धता नव्वदच्या वर हवी. मी माझा अ‍ॅनलायझर, म्हणजे ऑक्सिजनची शुद्धता मोजणारं उपकरण, लावला आणि प्रवाह पाच लिटरवर नेला, कारण तपासणी पूर्ण क्षमतेवरच करायची असते. आकडा आला ७४ टक्के. प्रवाह दाखवणाऱ्या काचनळीवर दोनच्या रेषेपाशी काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवलेला होता. वाचताना आड येत होता, म्हणून मी तो नखाने काढून टाकला.

मागे पाहिलं तर यंत्र ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. देणगीत आलेलं. शेजारी वजनदार ट्रान्सफॉर्मर. देणाऱ्यांना वाटतं ट्रान्सफॉर्मर दिला की काम झालं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिथल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर हवा ओढणाऱ्या कॉम्प्रेसरची मोटर सहाव्या हिश्शाने मंद फिरते, हवा कमी ओढली जाते. कुठल्याही आयटीआयच्या मुलाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. असं यंत्र पाठवणाऱ्यांवर माझा राग अजून गेलेला नाही.

तरी मंद मोटरने एवढी घट होणार नाही, व्हॉल्व्हही गळत असणार, असा माझा अंदाज. यंत्र उघडायचं ठरवलं. बाळांसाठी कोपऱ्यात एक सिलिंडर होता, पाण्याच्या मापाने दहा लिटरचा, दाबाचा काटा ४० बारवर. चाळीस गुणिले दहा, चारशे लिटर. दोन बाळांना मिळून मिनिटाला दोन लिटर, म्हणजे दोनशे मिनिटं. भरपूर झालं. सिस्टर म्हणाल्या, आज लाइनचं काम आहे, वीज 'सा नाने'ला जाईल, 'सा कुमी ना म्बिली'ला येईल. स्वाहिली आकडे मला पाठ होते. नाने म्हणजे आठ, कुमी ना म्बिली म्हणजे बारा. रात्री आठ ते बारा. साडेअकराला सिलिंडर चालू करून मी पाना हातात घेतला. म्झे दारातच होते. काही बोलले नाहीत.

दुपारी बरोबर दोनला पंखा थांबला.

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालतं. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने साधारण सहालाच उगवतो, म्हणून सकाळचे सात म्हणजे 'एक वाजला' आणि दुपारचे दोन म्हणजे 'आठ'. आपल्याकडच्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजायच्या. पाच दिवसांच्या प्रशिक्षणात डासांवर अर्धा दिवस गेला होता, घड्याळावर एक मिनिटही नाही.

सिलिंडरचा काटा दहावर. शंभर लिटर, पन्नास मिनिटं. शेवटच्या पाच बारात प्रवाहाचा भरवसा नसतो, म्हणजे खरी पंचवीसच. आणि वीज येणार संध्याकाळी सहाला.

तेवढ्यात म्झे आत आले, खांद्यावर जाड केबलचं वेटोळं. हॉस्पिटलचा जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरला जोडलेला होता. दर वेळी वीज गेली की ते थिएटरपासून व्हरांड्यातून केबल ओढत आणत आणि कॉन्सन्ट्रेटर त्यावर चालवत. साडेतीनशे वॉटचं यंत्र, थिएटरला भार वाटत नसे. त्यांनी केबलचं टोक खाली ठेवलं, टेबलावर पसरलेले माझे सुटे भाग पाहिले आणि विचारलं, "तयारी?"

हा शब्द स्वाहिलीतही आहे. तयार आहे का? मला कुणी अर्थ सांगावा लागला नाही.

व्हॉल्व्ह चांगला निघाला होता, तो परत बसवला. म्झेंनी न विचारता नळ्या त्याच क्रमाने पुढे केल्या, क्लिपा स्वतः दाबल्या. त्यांचे हात माझ्यापेक्षा शांत होते. बाविसाव्या मिनिटाला यंत्र सुरू झालं. शुद्धता चढायला आणखी काही मिनिटं लागतात. तोवर सिलिंडरच्या प्रवाहाची गोळी खाली बसू लागली होती. लहान बाळाच्या ऑक्सिमीटरवर ९३चे ८८ झाले. त्याची आई माझ्याकडे नाही, म्झेंकडे पाहत होती. नळी यंत्राला जोडली, आकडा हळूहळू ९४वर गेला.

मग मी अ‍ॅनलायझर पुन्हा लावला, प्रवाह दोनवर ठेवून. ९१ टक्के. मंद कॉम्प्रेसरचं यंत्र पाच लिटरला कमी पडतं, पण दोन लिटरला नीट शुद्धता देतं. तो टेपचा तुकडा नर्सेससाठी होता. याच्या वर नेऊ नका.

मी ती गोष्ट अ‍ॅनलायझरने शोधली. त्यांच्याकडे अ‍ॅनलायझर नव्हता. बाळांच्या ओठांचा रंग आणि वॉर्डातला एकुलता ऑक्सिमीटर बघत बघत त्यांनी ती दोनची रेषा ठरवली होती, हे मला पुढे सिस्टरांकडून कळलं.

वर्षभर आम्ही एकत्र काम केलं. भिंतीशी पडलेल्यांपैकी दोन यंत्रं दोघांनी मिळून चालू केली. पण त्या दिवशी मी पाना उचलला तेव्हा तुम्ही मला का थांबवलं नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पाहुणा म्हणून? इंजिनिअर म्हणून? की मीच आधी विचारेन याची वाट पाहत होते?

संध्याकाळी सहाला वीज आली. म्झेंनी केबल गुंडाळली, खिशातून काळ्या टेपची रीळ काढली, दाताने एक तुकडा तोडला आणि काचनळीवर दोनच्या रेषेपाशी दाबून बसवला. मग म्हणाले, "केशो, सा म्बिली." उद्या, दोन वाजता. मी बोटांवर सहा मिळवले आणि विचारलं, "सकाळी आठ?" त्यांनी होकारार्थी मान हलवली.