जुना संसार, नव्या गॅसवर

सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या घाटापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमचे घर आहे, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून या घरात मी साधारण १९५५ ते १९६५ या काळातला संसार करते आहे. म्हणजे स्वयंपाक कल्हई केलेल्या पितळी पातेल्यांत आणि लोखंडी कढईत होतो, ओली चटणी पाट्यावर वाटली जाते, वर्षाचे धान्य आणि तिखट उन्हाळ्यातच भरून ठेवले जाते, फाटलेले कापड रफू होते किंवा वाकळेत जाते, आणि रात्री दिवसभराचा खर्च वहीत लिहिला जातो. गॅस, नळाचे पाणी आणि विजेचे दिवे मात्र आजचे आहेत, आणि ते सोडण्याचा माझा मुळीच विचार नाही.

अशी हौस हल्ली जगभर आहे म्हणतात. अमेरिकेत पन्नासचे दशक जगू पाहणाऱ्या बाईच्या घरात गोल कडांचा रेफ्रिजरेटर, टोस्टर, घेरदार फ्रॉक आणि त्यावर झालरीचा एप्रन असतो, कारण महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत तिथल्या मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात विजेची यंत्रे भराभर आली. आमच्याकडे तेच दशक रेशनकार्डाचे, रॉकेलच्या रांगेचे आणि कोळशाच्या शेगडीचे होते. गोदरेजचा रेफ्रिजरेटर आपल्याकडे तयार होऊ लागला तोच मुळी १९५८ साली, आणि आमच्यासारख्या घरांत तो पोहोचायला आणखी किती तरी वर्षे गेली. त्यामुळे तिकडचे फ्रॉक उसने आणून इकडची पन्नाशी जगता येणार नाही. आपली पन्नाशी पितळेची, रॉकेलची आणि नऊवारीची आहे. (नऊवारी मी नेसत नाही. प्रत्येक हौसेला कुठेतरी थांबावे लागते.)

या सगळ्याला निमित्त झाले ते २०१९ च्या महापुराचे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातल्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही तळमजल्यात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर फ्रिज, धुलाईयंत्र, मिक्सर आणि दूरदर्शन संच भंगारात गेले. पितळेची पातेली मात्र गाळाने भरलेली, पण शाबूत सापडली. चिंच आणि राख लावून घासल्यावर ती पुन्हा फळीवर चढली. पाटा तर जागचा हललासुद्धा नव्हता. नवीन यंत्रे येईपर्यंतचे दिवस या उरलेल्या वस्तूंवर काढावे लागले, आणि यंत्रे आल्यावरही त्यांतल्या काही वस्तू माझ्या हातून सुटल्या नाहीत.

पितळ वापरायचे म्हणजे कल्हई आली. आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवला की तो कळकतो, धातू त्यात उतरतो, चव बिघडते आणि पोटालाही ते बाधते. म्हणून भांड्याच्या आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. आमच्याकडे येणारा कल्हईवाला आता मोटारसायकलवरून येतो आणि भात्याऐवजी विजेचा पंखा लावून कोळसा फुलवतो, पण पुढची सारी रीत जुनीच आहे. भांडे तापले की तो त्यात नवसागराची पूड टाकतो. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठतो आणि धातूवरचा मळ सुटून पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवत न्यायची, की काळवंडलेल्या पातेल्याचा तळ काही क्षणांत चांदीसारखा होतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, आणि जुन्या बायकांच्या साऱ्या शिस्तीचे मूळ या एका आकड्यात आहे. कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवायचे नाही, त्यात तेल कडकडीत तापवायचे नाही, फोडणी लोखंडी पळीत किंवा कढईत करून वरून ओतायची, हे सगळे नियम घरोघरी सासूने सुनेला सांगितले ते बहुधा कारण न सांगताच. मला ते कारणासह कळले तेव्हा आमटीला वरून फोडणी देण्याच्या पद्धतीबद्दलचा माझा आदर वाढला. कल्हई काही महिन्यांनी विरते आणि पुन्हा करावी लागते, त्यामुळे हे काम करणारा माणूस गावात टिकून राहणे ही माझ्या संसाराची पहिली अट आहे. स्टीलने पितळेला हटवले ते काही अधिक देखणे म्हणून नाही. त्याला कल्हईवाल्याची वाट पाहावी लागत नव्हती म्हणून.

तांब्याचा बंबही माळ्यावरून खाली आणला होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, तोटीतून गरम पाणी काढले की वरून तितकेच गार ओतायचे, अशी ती सोपी आणि सुंदर रचना आहे. फक्त तो रिकामा पेटवला तर सांधे सुटतात. परंतु शेणी आणि तुराट्या मिळवणे, राख काढणे आणि भिंती काळ्या होऊ न देणे हे शहरातल्या घरात जमण्यासारखे नव्हते. बंब आता नुसता चकचकीत उभा असतो, आणि पाणी सौरऊर्जेवर तापते.

खरा रस मला वाटतो तो बेगमीत. फाल्गुन सरला की हळद, मग मिरची, मग गहू, शाळू आणि तूरडाळ, आणि चैत्र-वैशाखात वाळवण, असा क्रम आमच्या भागात अजून कित्येक घरांत पाळला जातो. मिरच्यांची देठे काढून, कडक ऊन देऊन, खोबरे, धणे, तीळ आणि गरम मसाले भाजून सगळे डंकावर न्यायचे आणि त्या ठसक्यात शिंकत, डोळे पुसत उभे राहायचे. कांदा-लसूण घातलेले हे वर्षाचे तिखट साठवल्याशिवाय सातारा-सांगलीकडच्या बाईला वर्ष सुरू झाल्यासारखे वाटत नाही. डाळीला एरंडेलाचा हात लावायचा, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा, डबे उन्हात तापवून घ्यायचे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचे, वाटून सत्त्व गाळून घ्यायचे, ते तळाशी बसले की वरचे पाणी ओतून चीक शिजवायचा आणि गरम आहे तोवरच सोऱ्यातून उन्हात घालायचा. या कामात घाई चालत नाही आणि आळसही चालत नाही. हा साठवणीचा स्वभाव नुसता घरांचा नव्हता, या गावाचाही होता. सांगलीला लागूनच असलेल्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे, आणि त्याच भरवशावर सांगलीची हळदपेठ वाढली. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी पेवे निकामी झाली. नदीकाठच्या गावाने जमिनीखाली साठवावे आणि नदीने ते न्यावे, यावर बँकेत नोकरी केलेल्या माणसाने फार विचार करू नये.

माझ्या आजेसासूबाईंच्या खर्चाच्या वह्या वरच्या मजल्यावर होत्या म्हणून पुरातून वाचल्या. त्या मी हिशेबाची शिस्त शिकावी म्हणून उघडल्या, आणि त्या बाईविषयीची माझी कल्पनाच बदलून गेली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यानंतर बरेच महिने त्या एका रकान्यात आणे आणि दुसऱ्या रकान्यात नवे पैसे लिहितात. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला तेव्हा शेराशेजारी किलोचा आकडा मांडतात, आणि एके दिवशी शेर कायमचा थांबतो. स्टोव्हच्या पिना आणि वॉशर, शिवणयंत्राचे तेल, पुढे रेडिओचे लायसन, आणि १९६३ साली सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले त्या सुमारास सेटच्या दुरुस्तीचा खर्च, अशा नोंदी त्यांत आहेत. ही बाई जुन्या पद्धतीने जगत नव्हती. तिच्या हाताला लागेल ते नवे ती घेत होती, मोजत होती, शिकत होती. आणि हा भागच तसा होता. पलीकडे कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ पासून काचेचा कारखाना होता आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी लटकत असे. इकडे किर्लोस्करवाडीला नांगर आणि पंप तयार होत, आणि तिथूनच १९३० पासून निघालेले ‘स्त्री’ मासिक बायकांना घरकामाबरोबर शिक्षण, नोकरी आणि विवाह यांविषयीही विचार करायला लावत होते. आमच्या वह्यांत त्याच्या वर्गणीची नोंद दरसाल आहे. म्हणजे जिचे अनुकरण म्हणून मी पाट्यावर चटणी वाटते, ती स्वतः पाट्यातून सुटण्याच्या खटपटीत होती. १९५९ मध्ये आपल्याकडे प्रेशर कुकर तयार होऊ लागले, तेव्हा त्याच्या किमतीची चौकशी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने टिपलेली आहे.

वह्यांत एक व्यक्ती मात्र कुठेच नाही. घरात एक विधवा आत्या होत्या; मिरच्या कुटणे, दळण, सोवळ्यातला स्वयंपाक आणि बाळंतिणींची उठबस हे सारे त्यांच्याकडे असे, असे सासूबाई सांगतात. त्यांच्या नावे लुगडी सोडून काहीही मांडलेले नाही. त्या काळच्या नीटनेटक्या घराचे कौतुक करताना ते नीटनेटकेपण कुणाच्या हातांवर उभे होते हे मी विसरू शकत नाही, आणि म्हणून सोवळे-ओवळे, मुलींना शेवटी वाढणे, बायकांनी उरलेसुरले खाणे यांतले काहीही मी माझ्या जुन्या संसारात घेतलेले नाही. आमच्याकडे पाट मांडले की सगळे एकत्र बसतात, आणि ज्यांचे गुडघे दुखतात ते टेबलाशी बसतात.

सासूबाई १९६३ साली या घरात आल्या, त्या अजून खणखणीत आहेत आणि माझ्या उद्योगांकडे सौम्य आश्चर्याने पाहतात. “अगं, तेव्हा मिक्सर मिळाला असता तर मी तो पाटा विहिरीत टाकला असता,” असे त्या म्हणाल्या, आणि चटणी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी म्हटले, “आई, चव वेगळी लागते ना?” “लागते की. पण रोज चौदा माणसांची वाटायची असली की चव कळत नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आमची माणसे चार आहेत. परवा त्यांनीच मला भांडी घासायच्या यंत्राची किंमत विचारून ठेवायला सांगितले आहे. त्यात कल्हईची भांडी चालणार नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “मग निदान ताटे-वाट्या तरी.”

यंदाच्या उन्हाळ्याचे आमचे ठरले आहे. कुरडया शेजारच्या गल्लीतल्या बचत गटाकडून घ्यायच्या, कारण त्या बायकांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे आणि त्यांच्या कामाचे पैसे वहीत लिहिता येतात. सांडगे आणि तिखट घरी. रफूची टोपली नातवाच्या दप्तरापासून सुरू करायची. आणि पाटा फार गुळगुळीत झाला आहे, त्याला टाकी लावून घ्यायला हवी. पूर्वी ते काम करणाऱ्या बायका दारावरून ओरडत जात, आता मिरजेच्या बाजाराजवळ कुणी करते असे कळले आहे, तिकडे एकदा चौकशी करायची आहे.